सतराशे पंच्याण्णव साल आणि बाबांची तोंडी परीक्षा

माझे वडील पुण्याच्या एका शाळेत छत्तीस वर्षं इतिहास शिकवत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अभ्यासाला एकच साल घेतलं, सतराशे पंच्याण्णव. एवढंच का, असं कोणी विचारलं की म्हणत, आयुष्यभर पोरांना शंभर शंभर वर्षं एका तासात उरकून दिली, आता एका वर्षाला उरलेलं आयुष्य देतो. आई हसायची. तिला वाटायचं, हे महिन्याभराचं खूळ आहे. आई गेली तरी खूळ तसंच राहिलं.

मी, नवरा आणि आमची लहान लेक २०११ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आलो. मी फार्मसिस्ट. इथल्या परीक्षा पुन्हा देऊन न्यू लिनमधल्या एका औषधाच्या दुकानात लागले. आई गेल्यावर, २०१४ मध्ये, बाबांना आमच्याकडे आणलं. मी एकुलती एक, त्यामुळे दुसरा पर्याय नव्हता आणि मला नकोही होता. त्यांच्या बॅगेत चार शर्ट, वर्षभराच्या गोळ्या आणि सतराशे पंच्याण्णवच्या तीन जाड वह्या होत्या. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने लोणचं आहे का म्हणून बॅग उघडली आणि वह्या बघून बंद केली.

वहीची पद्धत ठरलेली होती. डाव्या पानावर आपल्याकडे काय घडलं, उजव्या पानावर जगात काय घडलं, आणि एका आठवड्याला एक जोडपान. नाव कोणाचंही लिहायचं नाही. नाव लिहिलं की लोकांना पुतळा दिसतो, माणूस दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मार्चच्या पानावर खर्ड्याला निजामाचा पराभव होता, पण सरदारांच्या नावांऐवजी 'भाऊबंदकी विसरून शेवटचे एकत्र आलेले' असं लिहिलं होतं. एप्रिलमध्ये उजवीकडे फ्रान्सने मीटर आणि किलो कायद्याने आणले, आणि सात वर्षं खटला चाललेला बंगालचा जुना गव्हर्नर लंडनमध्ये निर्दोष सुटला. जूनमध्ये पॅरिसच्या तुरुंगात दहा वर्षांचा एक मुलगा वारला, ज्याला काही लोक राजा म्हणत होते. ऑगस्टमध्ये डावीकडे महेश्वरची राणी गेली. त्या पानावर बाबांनी फक्त घाट, धर्मशाळा आणि विहिरी लिहिल्या होत्या. ती कोण हे सांगायची गरज नव्हती.

आणि मग ऑक्टोबर. ऑक्टोबरवर बाबांचा जीव होता. त्या महिन्यात एकविशीचा पेशवा शनिवारवाड्याच्या गच्चीवरून खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. ताप होता, भ्रम होता की स्वतःच उडी घेतली, यावर इतिहासकार अजून भांडतात. त्याच आठवड्यात तिकडे तीन शेजाऱ्यांनी पोलंड वाटून घेतला आणि नकाशावरून एक देश पुसला गेला. आणि त्याच आठवड्यात लंडनला एक मुलगा जन्मला, जो पुढे औषधं करायला शिकला, ते सोडून कवितांकडे वळला आणि पंचविशीत क्षयाने गेला. हा तुझ्या धंद्यातला, असं बाबा मला म्हणत. मार्चमध्ये पुण्यात साखर वाटत होते, त्यातल्या एकालाही ऑक्टोबर ठाऊक नव्हता, हे त्यांचं आवडतं वाक्य. वर्गात हे सांगताना ते थोडे थांबत असत, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात.

न्यू लिनच्या लायब्ररीत त्यांना घबाड सापडलं. मुंबईहून गुरं घेऊन सिडनीला आलेलं एक जहाज त्याच साली, त्याच ऑक्टोबरात, या देशाच्या दक्षिण टोकाला डस्की साउंडच्या खाडीत शिरलं आणि पुढे जाण्याच्या लायकीचं उरलं नाही म्हणून तिथेच सोडून देण्यात आलं. बरेच लोक मागे राहिले. काहींची सुटका तर सतराशे सत्त्याण्णवमध्ये झाली. बाबा दुपारी धापा टाकत घरी आले. जहाज मुंबईचं, म्हणजे खलाशी कुठले असणार, असं मलाच विचारू लागले. कोकणातला एखादा तरी असेल ना त्या पावसात भिजत? पुस्तकात खलाशांबद्दल काही नव्हतं. बाबांनी उजव्या आणि डाव्या पानांच्या मधोमध, शिवणीवर, एक ओळ लिहिली: 'आपला कोणी इथे होता की काय?' इतके खुश ते आई गेल्यापासून झाले नव्हते.

त्या आनंदात मला बाकीचं दिसलं नाही. म्हणजे दिसलं, पण मी प्रत्येक गोष्टीला उत्तर शोधून ठेवलं. बाबा कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला गेले आणि परतले तेव्हा एका पायात जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, होती, दुसरी वाटेत कुठेतरी पडली होती. आपल्या पायातून चप्पल गेली हे त्यांना कळलंच नव्हतं. माझी आठ वर्षांची लेक हसून लोटपोट झाली. मीही हसले. सवय नाही हो त्यांना जँडल्सची, असं नवऱ्याला म्हणाले. बाबा पायांना मुंग्या येतात म्हणाले, तर मी म्हटलं, साखरेचं दुखणं जुनं आहे, येणारच. जीभ चुरचुरते म्हणाले, तर भाजीत तिखट कमी केलं. मी औषधांतली बाई. माझ्याकडे सगळ्याचं स्पष्टीकरण होतं.

बॉटनी डाउन्सजवळच्या एका हॉलमध्ये आमची मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमतात. तिथे बाबांनी सतराशे पंच्याण्णववर भाषण केलं. छान रंगलं. फक्त पेशव्याच्या पडण्याचा प्रसंग त्यांनी दोनदा सांगितला, शब्दन् शब्द तोच, मधल्या थांबण्यासकट. लोकांना वाटलं, मुद्दाम. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसले होते. घरी येऊन त्यांची वही उघडली. ऑगस्टचं पान तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेलं होतं, तेच घाट, त्याच विहिरी. तिसऱ्या पानावरचं अक्षर बाबांचं वाटतही नव्हतं.

आता व्हिसाबद्दल सांगायला हवं. इथे म्हाताऱ्या आई-वडिलांना कायमचं आणायची एक योजना होती. आमचा अर्ज त्या रांगेत होता आणि मधल्या काळासाठी बाबांना लांब मुदतीचा व्हिसा लागणार होता. त्याला मेडिकल लागते आणि सत्तरीपुढच्यांना स्मरणशक्तीचे प्रश्न विचारतात. या देशावर खर्चाचा भार पडेल असा आजारी माणूस त्यांना नको असतो. मी रोज काउंटरवरून डिमेन्शियाच्या गोळ्या देत होते. मला खात्री होती की बाबांना तेच झालंय आणि ते बरं होणारं नाही. कागदावर ते आलं की बाबा परत जाणार. पुण्यात त्यांचं कोण होतं? एक बंद फ्लॅट आणि कुलपाची किल्ली असलेली शेजारीण. मी फार भ्यायले होते. त्या भीतीत मी जे केलं ते आपल्याकडची कुठलीही हुशार मुलगी करेल. मी त्यांच्याकडून परीक्षेची घोकंपट्टी करून घेतली.

त्यांना सांगितलं, व्हिसाची तोंडी परीक्षा असते, सगळ्याच ज्येष्ठांना द्यावी लागते. ते लगेच सावरून बसले. परीक्षा म्हटल्यावर त्यांना हुरूपच आला. माझ्या सुट्टीच्या दिवशी आणि इतर दिवशी चहानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचा वर्ग भरे. आज वार कोणता, साल कोणतं, हा मजला कोणता, हे शहर कोणतं. ऋतूचा प्रश्न नेहमी चुके, कारण इथे जूनमध्ये हिवाळा असतो आणि जून म्हटलं की त्यांच्या तोंडून पावसाळाच येई. पण तो तर माझाही पहिल्या वर्षी चुकला असता, असं म्हणून मी तो सोडून देई. शंभरातून सात-सात वजा करत जायचं हा प्रश्न सगळीकडे विचारतात. वजाबाकी त्यांना जमेना, म्हणून मी तो पाढ्यासारखा पाठ करून घेतला. नाइन्टी थ्री, एटी सिक्स, सेव्हन्टी नाइन, सेव्हन्टी टू, सिक्स्टी फाइव्ह. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणाऱ्या घड्याळाचं चित्र त्यांनी कागदावर पन्नासएक वेळा काढलं. तीन शब्द लक्षात ठेवायचे असले की त्यांचं एक वाक्य करून बोटांवर म्हणत राहायचं, हेही शिकवलं. हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. दहावीला त्यांनी माझ्याकडून सनावळ्या अशाच पाठ करून घेतल्या होत्या.

लेक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचं काम करत बसायची. एके दिवशी बाबा उठून गेल्यावर ती म्हणाली, "मम, ही डझंट नो इट. ही जस्ट नोज द आन्सर्स."

मी तिला गप्प बसवलं. मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नये म्हणाले. तिला मराठी नीट कळतं. ती खाली मान घालून रंगवत राहिली.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहायचं मी कितीतरी वेळा टाळलं आहे. मेडिकलच्या आदल्या आठवड्यात बाबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मला हल्ली काही सुधरत नाही गं. डोक्यात धुकं आहे. डॉक्टरांना सांगू का?"

"असं डॉक्टरांसमोर अजिबात बोलायचं नाही, बाबा," मी म्हटलं. "विचारलं तर सांगायचं, सगळं ठीक आहे."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा घड्याळ काढायला घेतलं.

मेडिकलला मी सोबत गेले. डॉक्टर तरुण गोरा मुलगा होता, किआ ओरा म्हणून हसतमुखाने हात मिळवणारा. निवृत्तीनंतर काय करता, असं त्याने सहज विचारलं आणि बाबांनी सतराशे पंच्याण्णव काढलं. शाळेतल्या त्यांच्या खणखणीत इंग्रजीत खर्डा, मीटर, पोलंड, तुरुंगातला मुलगा, गच्ची, डस्की साउंडचं जहाज. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून ऐकत राहिला. हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही म्हणाला. मग त्याने प्रश्न विचारले. बाबांनी सगळं बिनचूक म्हटलं, फक्त एक शब्द राहिला. सात-सातचा पाढा तर इतका सरळ गेला की डॉक्टरने दाद दिली. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास, असं तो म्हणाला आणि फॉर्मवर खूण केली. वीस वर्षं मागचं सगळं शाबूत असतं आणि कालचं जातं, हे मला धंद्यामुळे माहीत होतं. सतराशे पंच्याण्णवने बाबांचं विसरणं झाकून टाकलं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बाहेर आल्यावर आम्ही आइस्क्रीम खाल्लं.

२०१६ मध्ये सरकारने आई-वडिलांची ती योजनाच थांबवली. आमचा अर्ज रांगेतल्या रांगेत राहिला. ज्या दारासाठी मी हे सगळं केलं ते दारच बंद झालं, आणि तेही कोणी आमच्या वाईटावर होतं म्हणून नाही. नुसती बातमी आली. मी ती दुकानात फोनवर वाचली आणि पुढच्या गिऱ्हाईकाला त्याची गोळ्यांची पिशवी दिली.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी बाबा न्यू लिनच्या स्टेशनच्या पायऱ्यांवरून पडले. पाय कुठे पडतोय हे त्यांना कळतच नव्हतं. हॉस्पिटलमध्ये ते मला आईच्या नावाने हाक मारत होते आणि उभं केलं की डोळे मिटताच कोलमडत होते. तिथल्या लोकांनी जुना मेडिकल रिपोर्ट मागवला. त्यात वर्षभरापूर्वी स्मरणशक्ती उत्तम होती. म्हणजे हे अचानक झालंय, असं त्यांनी धरलं आणि मेंदूत रक्तस्राव, झटका, संसर्ग, असं शोधत राहिले. एक स्कॅन, दुसरा स्कॅन. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. अचानक नाही, दोन वर्षं चाललंय, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघेना. ते निघायला पाच दिवस लागले.

पाचव्या दिवशी वॉर्डवर एक नवी डॉक्टर आली. सांगलीची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. तिने बाबांच्या पायावर कापूस फिरवला, काटा टोचला, जीभ बघितली. मग मला बाजूला घेऊन दोनतीन साधे प्रश्न विचारले. बाबा शाकाहारी आहेत का? हो, जन्मापासून, अंडंही नाही. साखरेसाठी काय घेतात? मेटफॉर्मिन. किती वर्षं? वीसच्या वर.

"ताई, यांचं बी-ट्वेल्व्ह लास्ट कधी चेक केलं होतं?" तिने विचारलं.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की शरीरातलं बी-ट्वेल्व्ह कमी होतं. शाकाहारी माणसात आधीच कमी असतं. ते फार घटलं की पाय बधिर होतात, जीभ चुरचुरते, तोल जातो, विसरायला होतं, डोक्यात धुकं येतं. हे सगळं एका साध्या रक्त तपासणीत कळतं, फक्त ती मागावी लागते. वेळेत कळलं तर इंजेक्शनांनी माणूस बरा होतो. मी ही गोष्ट काउंटरवरून अनोळखी लोकांना सांगत आले आहे. डॉक्टरकडे गेलात की बी-ट्वेल्व्हचं विचारा हं, असं. आणि बाबांच्या गोळ्या पुण्याहून यायच्या, दर रविवारी त्यांचा सात खणांचा डबा मी माझ्या हाताने भरायचे.

त्या मुलीला मी तिथेच सगळं सांगितलं. घोकंपट्टीसुद्धा. तिने मला दोष दिला नाही. आपल्याकडे असं होतं ताई, एवढंच म्हणाली. मला तिचा राग आला. तिने ओरडायला हवं होतं.

इंजेक्शनं सुरू झाली. धुकं थोडं सरलं. बाबा मला पुन्हा माझ्या नावाने ओळखू लागले, पेपर वाचू लागले, लेकीच्या गृहपाठात चुका काढू लागले. पण फार उशीर झाला होता. पाय परत आले नाहीत. चाकाच्या खुर्चीतून उठवलं तर दोघांना धरावं लागे. नवी गोष्ट डोक्यात एखादा दिवस टिके, मग जाई. वह्या मी त्यांच्यासमोर ठेवल्या, तर त्यांनी चाळल्या आणि कोणी लिहिलंय, चांगलं लिहिलंय, असं म्हणाले. सतराशे पंच्याण्णवही गेलं होतं. ते कधी जाणार नाही असं मी गृहीत धरलं होतं.

एका दुपारी त्यांनी विचारलं, माझ्या पायांना काय झालं. मी समोर बसले आणि खरं सांगितलं. व्हिसा, परीक्षा, भीती, बी-ट्वेल्व्ह. काही लपवलं नाही.

"म्हणजे मला येत नाही हे तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"मी वर्गात एवढंच सांगायचो. ज्याला येत नाही त्याने हात वर करावा. मी केला होता का?"

"केला होता, बाबा."

"आणि तू तो खाली धरलास."

ते रागावले नव्हते. शिक्षक माणूस, काय झालं ते नीट लावून घेत होते. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्यांना रुमाल सापडेना. मी तो दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पुन्हा विचारलं, माझ्या पायांना काय झालं. आदल्या दिवशीचं काही उरलं नव्हतं. मी पुन्हा सगळं सांगितलं आणि बाबा पुन्हा पहिल्यांदाच ऐकत होते, पुन्हा रुमाल शोधू लागले. असं सहा वेळा झालं. मला वाटत होतं, खरं बोलणं एवढं एकच मी आता त्यांना देऊ शकते. नवरा एकदा दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, हे तू त्यांच्यासाठी करत नाहीयेस. मला त्याचा संताप आला, कारण तो बरोबर बोलत होता.

सातव्या वेळी मी म्हटलं, "वयामुळे, बाबा. वय झालं की होतं असं."

"हो का," ते म्हणाले. लगेच पटलं त्यांना. माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, "मग तू तरी काय करणार."

२०१७ च्या शेवटी त्यांचा व्हिसा संपला. त्या अवस्थेत तो वाढवून मिळणार नव्हता. मी त्यांना पुण्याला नेलं, सिंहगड रस्त्याजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं, तीन आठवडे राहिले आणि परत आले. नोकरी होती, लेकीची शाळा होती. लिहिताना ही कारणं फार लहान दिसतात. दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचे. तिथल्या मावशी फोन त्यांच्यासमोर धरायच्या. कधी मला ओळखायचे, कधी शेजारच्या बाईंची मुलगी समजायचे.

२०१९ मध्ये, ते जाण्याच्या आधीच्या एका रविवारी, मावशींनी फोन चालू केला तेव्हा बाबांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. मावशींनीच बहुतेक पायांबद्दल काहीतरी विचारलं होतं आणि ते त्यांना समजावून सांगत होते. बाकी सगळं विसरणाऱ्या माणसाला हे एक मात्र कसं लक्षात राहिलं कोण जाणे. माझी मुलगी औषधांतली आहे, न्यूझीलंडला असते, तिने सगळं नीट बघितलंय, असं ते सांगत होते. हे वयामुळे आहे म्हणाली ती. तिला विचारल्याशिवाय मी कधी काही केलं नाही.